बळवंत सबनीसांची पहिली फेरी

बळवंत सबनीसांच्या आयुष्यात ऋतू दोनच होते. पार्क चालू आणि पार्क बंद. बाकीच्या दिल्लीकरांना लू, धूळ, डेंग्यू आणि धुकं असे सोसायला पुष्कळ ऋतू आहेत, पण सबनीसांना त्यांच्याकडे बघायला सवड नव्हती. गाझियाबादच्या पुढे, हायवेला लागून ‘मस्तीबाग’ नावाचं पार्क आहे आणि तिथल्या आकाशपाळण्याचे ते बावीस वर्षं मुख्य मेकॅनिक होते. छत्तीस पाळण्यांचं ते चाक हायवेवरच्या बसमधून लांबून दिसायचं. पोरं बोट दाखवून हट्ट धरायची आणि आयांना घर येईपर्यंत चैन पडू द्यायची नाहीत.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी पार्क बंद व्हायचं ते वसंत पंचमीला उघडायचं. धुक्यात कोण येतंय पाळण्यात बसायला? तिकीटवाले आणि चाटवाले आपापल्या गावी जायचे. सबनीसांचं खरं काम मात्र त्या सोमवारी सुरू व्हायचं. प्रत्येक पाळणा दोन बोल्टांवर लटकतो. अंगठ्याएवढे जाड, बोटभर लांब असे बहात्तर बोल्ट. ते काढायचे तर पाळणा क्रेनने खाली घ्यावा लागतो आणि एक पाळणा काढला की समोरचाही काढावा लागतो, नाहीतर चाकाचा तोल जातो. म्हणजे एका जोडीला एक आख्खा दिवस.

काढलेला बोल्ट रॉकेलने धुवायचा. त्याला लाल रंग लावायचा, थोडा वेळ थांबून पुसून टाकायचा आणि वर पांढरी भुकटी मारायची. बोल्ट चांगला असेल तर पांढराच राहतो. आत चीर असेल तर तिच्यात मुरलेला रंग वर येतो आणि पांढऱ्यावर केसासारखी लाल रेघ उमटते. नुसत्या डोळ्यांना ती चीर कधीच दिसत नाही. सबनीस एकेक बोल्ट उन्हाकडे धरून असा बघायचे की अलकाबाई म्हणायच्या, “आपल्या लग्नात मुलगीसुद्धा तुम्ही इतकी निरखून पाहिली नव्हती.”

अलकाबाई म्हणजे त्यांच्या पत्नी. केंद्र सरकारच्या एका खात्यात नोकरीला. सबनीसांच्या कामाशी त्यांचा वर्षातून एकदाच संबंध यायचा, पण तो मोठा होता. सबनीसांना हे काम शिकवलं ते आधीचे मुख्य मेकॅनिक सोढीजी यांनी आणि त्यांनी एकच नियम घालून दिला होता. फिटनेसच्या कागदावर जो सही करेल, त्याने पहिल्या फेरीत स्वतः बसायचं. एकट्याने नाही, घरच्या माणसाला घेऊन. त्यामुळे दर वसंत पंचमीला अलकाबाई अर्ध्या दिवसाची रजा टाकायच्या, पिवळी साडी नेसून, डब्यात केशरीभात घेऊन पार्कात यायच्या. आधी चाक रिकामं फिरायचं, मग वाळूची पोती घालून, आणि मग सबनीस पतिपत्नी. पाळणा अगदी वर गेला की चाक थांबवायचं आणि दोघांनी तिथे दोन दोन घास खायचे. अलकाबाईंना उंचीची इतकी भीती की बावीस वर्षांत त्यांनी वरून गाझियाबाद पाहिलेलं नाही. डोळे घट्ट मिटून घास चावायच्या. पण बसायच्या. खाली उतरल्यावर सबनीस ऑपरेटरच्या केबिनमधल्या रजिस्टरात ‘ठीक’ असं लिहून सही करायचे, की पार्क उघडलं.

रजिस्टर कंपनीचं. त्याखेरीज सबनीसांची स्वतःची एक वही असायची, दर थंडीला नवी, लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर वर ‘श्री’, खाली त्या वर्षीच्या कामाच्या तारखा, कोणता पाळणा कधी उतरवला, कधी चढवला. प्रत्येकापुढे एकच शेरा, सर्व ठीक. वाईट काही लिहायचं नाही. ही शिकवण त्यांच्या आईची. सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरात त्यांचं बालपण गेलं, तिथे तांदूळ संपले असं म्हणायची सोय नव्हती. श्री लिहिलेल्या कागदावर अशुभ लिहिलं की ते खरं होतं, असं आई म्हणायची. सबनीस पक्के यंत्रावरचे माणूस, भुताखेतांना हसणारे, पण हे एक त्यांच्या हातातून सुटलं नाही. चिरलेला बोल्ट निघाला की नवा घालायचे, नीट आवळायचे आणि मगच वही उघडायचे. तोवर सगळं ठीक झालेलं असायचं, तेव्हा ठीक लिहायचे. नव्या बोल्टांची पेटी दर थंडीला येऊन पडलेली असायची, त्यातले किती लागले हे त्यांना कधी कोणी विचारलं नाही.

चिरलेले बोल्ट ते घरी आणायचे. भंगारात गेलेला बोल्ट पॉलिश होऊन कुठे परत लागेल याचा नेम नाही म्हणून. त्यावर पांढऱ्या रंगाने वर्ष लिहायचे आणि अलकाबाईंच्या फराळाच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे. दिवाणाखालचा तो डबा आता एका हाताने उचलत नव्हता. आत एकेचाळीस बोल्ट होते.

तर अशा या घरात दोन वर्षांपूर्वी चिन्मय आला.

चिन्मय जन्मला दिल्लीच्या हिंदूराव हॉस्पिटलात, वाढला दिल्लीतच. कॉलेजची वर्षं मुनिरक्यातल्या एका खोलीत काढली होती, खिडकी उघडली की शेजारच्याच्या भिंतीला हात लागायचा. आईवडील निवृत्त होऊन नाशिकला गेलेले. मस्तीबागेत तो ऑपरेशन्स मॅनेजर म्हणून लागला. पहिल्याच दिवशी चाकापाशी येऊन त्याने वाकून नमस्कार केला आणि “तुम्ही सबनीस म्हणजे आपलेच ना?” असं विचारलं, तेव्हा सबनीस विरघळले. मुलगी सृष्टी लग्न होऊन पुण्याला गेल्यापासून वरची खोली रिकामी होती. चिन्मय तिथे राहायला आला आणि महिन्याभरात रविवारच्या पुरणाला, गुरुवारच्या खिचडीला आणि अलकाबाईंच्या रागाला सारखाच हक्कदार झाला. त्याचं मराठी मधेच अडायचं. “काका, डागडुजी म्हणजे एक्झॅक्टली काय?” असं विचारायचा आणि सबनीस त्याला अर्धा तास सांगत बसायचे. आपलं काम कोणी इतकं मन लावून ऐकेल याची त्यांना सवय नव्हती.

“काका, तुमच्या वह्या मला वाचायला द्याल?” त्याने पावसाळ्यात विचारलं. “बावीस वर्षांचा अनुभव आहे यार हा. कुणीतरी शिकून ठेवायला पाहिजे.”

सबनीसांनी बावीसही वह्या काढून दिल्या. वर एका पिशवीत घालून दिल्या, कोपरे दुमडू नयेत म्हणून. त्या रात्री त्यांना फार समाधानाची झोप लागली, हे इथे सांगायला मला लाज वाटते, पण खरं आहे.

दिवाळी झाली. चिन्मयला बढती मिळाली, तो नोएडाला फ्लॅट घेऊन राहायला गेला. जाताना दोघांच्या पाया पडला. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सबनीसांना मीटिंगचं बोलावणं आलं. बावीस वर्षांत त्यांना त्या काचेच्या खोलीत कोणी बोलावलं नव्हतं. ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले.

भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘मस्ती ३६५ दिन’. चिन्मय बोलत होता, छान बोलत होता. पार्क बारा महिने चालणार. थंडीत विंटर कार्निवल, शेकोट्या, गाजर हलव्याचे स्टॉल. आणि आकाशपाळणा? त्याने बटण दाबलं. पडद्यावर सबनीसांचं अक्षर आलं. हातभर मोठं. सर्व ठीक. मग पुढच्या वर्षीचं, सर्व ठीक. मग त्याच्या पुढच्या वर्षीचं. बावीस वेळा.

“बाईस साल, एक भी डिफेक्ट नहीं,” चिन्मय म्हणाला. “यह है हमारे सबनीसजी का रेकॉर्ड.”

खोलीभर टाळ्या पडल्या. सबनीस उठून उभे राहिले, त्यांनी हात जोडले, चक्क लाजले. टाळ्या संपत आल्या तेव्हा चिन्मय पुढे बोलला. जे चाक बावीस वर्षांत एकदाही बिघडलं नाही, ते दर थंडीत उघडून बघण्यात अर्थ काय? दर मंगळवारी सकाळी दोन तास खालून वरून नजर टाकली की पुरे. सबनीस अजून उभेच होते. हात जोडलेलेच होते.

“साहब,” ते डायरेक्टरांना म्हणाले, “वो ठीक करने के बाद का ठीक है. खराब बोल्ट निकलता है, बदलता हूँ, तब लिखता हूँ.”

“और खराब निकला, वो कहाँ लिखा है?” डायरेक्टरांनी विचारलं.

“वो नहीं लिखा.”

डायरेक्टर मनमोकळं हसले, त्यांच्यामागे खोली हसली. वाईट हेतूने नाही, म्हातारा आपलं थंडीतलं काम वाचवतोय असं समजून. सबनीसांनी चिन्मयकडे पाहिलं. तो लॅपटॉपची वायर गुंडाळत होता.

घरी येऊन त्यांनी दोष कोणाला दिला असेल? स्वतःला. पोराने वहीत जे वाचलं ते सांगितलं, त्याचं काय चुकलं? मन घट्ट करून एक ओळ लिहायची होती, तेवढी लिहिली नाही. आई गेली, तिचं खूळ माझ्या हातात ठेवून गेली. तीन दिवस ते असंच स्वतःला बोलत राहिले. फिटनेसच्या कागदावर सही करायला त्यांनी नकार दिला, तेव्हा ऑफिसातल्या लोकांनी फार गळ घातली नाही. ऑपरेशन्स हेड म्हणून चिन्मयने सही करून टाकली.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी दिवाणाखालचा डबा ओढून बाहेर काढला आणि रिक्षाला फोन लावायला लागले.

“कुठे निघालात हे घेऊन?” अलकाबाई ऑफिसला जायच्या घाईत होत्या.

“चिन्मयला दाखवतो. त्याला कळलंच नाही गं, मी कधी सांगितलंच नाही. हे बोल्ट हातात घेतले की एका मिनिटात समजेल त्याला. हुशार आहे पोरगा.”

अलकाबाई केसांना पिन लावता लावता थांबल्या.

“अहो, पण हा डबा त्याने पाहिलाय.”

“कधी?”

“दिवाळीत. तुम्ही ड्यूटीवर होतात. चकल्यांचा समजून त्यानेच उघडला. मग मी एकेक काढून दाखवले, वर्षं वाचून दाखवली. तो म्हणालासुद्धा, बाप रे काकू, म्हणजे काका ठीक लिहितात ते हे सगळं बदलून झाल्यावर? फोटो काढले त्याने. मला वाटलं तुमच्याशी बोलला असेल.”

सबनीस दिवाणावर बसले. रिक्षावाला फोनवर हॅलो हॅलो करत होता.

माणूस चुकला तर त्याला समजावता येतं. सबनीसांनी तीन दिवस त्या पोराला मनातल्या मनात माफ केलं होतं, त्याच्यासाठी स्वतःच्या मेलेल्या आईला बोल लावला होता. आणि त्याला ठाऊक होतं. त्या काचेच्या खोलीत टाळ्या पडत होत्या तेव्हा ठाऊक होतं, “वो नहीं लिखा” म्हणताना त्यांचं सगळ्यांदेखत हसं झालं तेव्हाही ठाऊक होतं. वह्या मागितल्या तेव्हा मन स्वच्छ असेलही त्याचं. पण डबा बघून झाल्यावरही त्याने त्याच वह्या पडद्यावर लावल्या. सबनीसांना राग येईना, रडूही येईना. घरात घेतलेल्या माणसाने घरातलीच वस्तू उचलून त्यांच्याविरुद्ध वापरली होती.

“काकू काकू करत चार डबे चकल्या खाल्ल्या मेल्याने,” अलकाबाई म्हणाल्या आणि त्यांचा आवाज फाटला. त्यांनी त्या दिवशी ऑफिसला दांडी मारली.

डिसेंबरचा पहिला सोमवार आला. दर वर्षी ज्या दिवशी फाटकाला कुलूप लागायचं त्या दिवशी फाटकावर झेंडूची तोरणं आणि ‘मस्ती ३६५ दिन’चा फलक लागला. धुकं असं की चाकाचे वरचे पाळणे दिसत नव्हते. ऑपरेटर सतपालने चाक एकदा रिकामं फिरवलं. वाळूची पोती कोणी आणलीच नव्हती. सबनीस स्वेटर घालून नेहमीच्या जागी उभे होते. रजिस्टर केबिनमध्ये नेहमीच्या खिळ्याला लटकत होतं. फिटनेसचा कागद वर्षाचा, पण चाक रोज चालवायला रजिस्टरात मुख्य मेकॅनिकचा शेरा लागतो. त्याशिवाय विमा नाही, आणि विम्याशिवाय राइड नाही. नव्या योजनेत सगळ्याचा विचार झाला होता, या रजिस्टराचा तेवढा राहून गेला होता. सबनीस ठीकच लिहितात, हे इतकं सवयीचं झालं होतं.

पहिले पाहुणे कठड्यापाशी उभे होते. एक आजी, सून आणि माकडटोप्या घातलेली दोन मुलं. तेवढ्यात चिन्मय कॅमेरावाल्याला घेऊन आला.

“काका, चलो. पहिली फेरी तुमची. काकूंना नाही आणलंत? मस्त फोटो झाला असता.”

सबनीसांनी त्याच्याकडे पाहिलं. गळ्यात निळा मफलर होता, गेल्या थंडीत अलकाबाईंनी विणलेला.

“कागदावर सही कोणाची आहे?” त्यांनी विचारलं.

“माझी आहे. फॉर्मॅलिटी म्हणून.”

“मग पहिली फेरी तुझी. बस.”

चिन्मय हसला. “काय काका. दर वर्षी तुम्हीच बसता ना.”

“दर वर्षी सही माझी असते. बस, चिन्मय.”

सतपालने पाळण्याचं दार उघडून धरलं. “बैठिए सर, एक चक्कर की तो बात है.” सोढीजींचा नियम त्यालाही पाठ होता. चिन्मय दोन पावलं पुढे आला, त्याने दाराच्या दांडीवर हात ठेवला.

बावीस वर्षांत सबनीसांनी लाखो माणसं पाळण्यात चढताना पाहिली होती. चढताना माणूस खाली पायरीकडे बघतो, नाहीतर सोबतच्याकडे, नाहीतर कॅमेऱ्याकडे. चिन्मयने वर पाहिलं. थेट त्या दोन बोल्टांकडे.

मग त्याने हात काढून घेतला. फोन वाजला नव्हता, तरी खिशातून काढून कानाला लावला. “एक मिनिट हां काका, अर्जंट आहे,” असं म्हणत तो बाजूला झाला, आणि जाता जाता सतपालला हाताने खूण केली, “पब्लिक को लो.”

माकडटोप्यांमधल्या धाकट्याने पायरीवर पाय ठेवला. सबनीसांनी त्याला अलगद उचललं आणि आजीच्या हातात परत दिलं. “माताजी, आज झूला बंद है. बच्चों को पहले हलवा खिलाइए,” ते म्हणाले. मग ते केबिनमध्ये गेले. रजिस्टर खिळ्यावरून काढलं. पेन अडत होतं, थंडीने शाई गोठल्यासारखी झाली होती, म्हणून तळहातावर दोन रेघा मारून घेतल्या. कंपनीने रजिस्टराच्या प्रत्येक पानावर वर ‘श्री’ छापलेलं होतं. त्याच्याकडे त्यांनी जरा वेळ पाहिलं. आणि खाली, जन्मात पहिल्यांदा, लिहिलं. चाक खोला नहीं गया. बोल्ट जाँचे नहीं गए. ठीक नहीं. बळवंत सबनीस.

सतपालने ते वाचलं, मुख्य स्विच खाली ओढला आणि किल्ली काढून घेतली.

चिन्मय धावत आला. रजिस्टर वाचताना त्याचा चेहरा पांढरा पडत गेला. बाहेर ढोलवाले वाजवायला लागले होते, डायरेक्टरांची गाडी फाटकातून आत येत होती. त्याला पान फाडता येत नव्हतं, पानांवर क्रमांक छापलेले होते.

“काका, हे काय केलंत?” तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत खरोखरीचं पाणी होतं, हे मान्य केलं पाहिजे. “मला तुम्ही घरचा समजत होतात ना? एकदा, फक्त एकदा मला विचारायचं तरी.”

सबनीसांनी पेनला टोपण लावलं आणि ते खिशात अडकवलं.

“विचारलं की,” ते म्हणाले. “बस म्हणालो होतो.”